मुदपाकखान्यातला बंधू

३ ऑगस्ट १६६६ रोजी जोझेफ द बोफोर नावाचा एक सुविद्य धर्मगुरू पॅरिसमधील व्होजिरार रस्त्यावरील कार्मेल संप्रदायाच्या मठात एका माणसाची गाठ घ्यावयास गेला. ज्याला भेटावयाचे तो मठाचा अधिपती नव्हता, पंडित तर नव्हताच. तो होता एक लंगडा सेवक-बंधू. म्हणजे व्रत घेतलेला, पण धर्मगुरुपदाची दीक्षा नसलेला, मठातील कष्टाची कामे करणारा मनुष्य. त्याचे मठातील नाव बंधू लोराँ. या भेटीनंतर आणखीही भेटी झाल्या आणि बोफोरने त्या टिपून ठेवल्या, म्हणूनच आज आपण या माणसाविषयी बोलू शकतो. भांडी घासणाऱ्यांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही.

लोराँचे मूळ नाव निकोला एर्माँ. लोरेन प्रांतातील एरिमेनिल या खेड्यात सुमारे १६१४ साली तो जन्मला. वयाच्या अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, एक निष्पर्ण झाड पाहून त्याच्या मनात आले, की थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले, मग फळे. एवढ्याच विचाराने देवाच्या सामर्थ्याची जी जाणीव त्याच्या ठायी उपजली ती जन्मभर पुसली गेली नाही, असे त्याने बोफोरला सांगितले. पण त्या जाणिवेने तो लगेच साधू झाला असे मात्र समजू नये. तो शिपाई झाला. तीस वर्षांच्या युद्धाने लोरेनची धूळधाण उडवली होती. त्या लढाईत तो जखमी झाला आणि पाय कायमचा अधू झाला. पुढे एका बड्या खजिनदाराकडे तो हुजऱ्या म्हणून राहिला. तेथे आपण हाती घेऊ ती वस्तू फोडणारे धांदरट होतो, असे तो स्वतःच हसत सांगे. १६४० साली तो मठात आला, तो या धांदरटपणाबद्दल देहाला चांगली शिक्षा मिळेल अशा अपेक्षेने. उलट मिळाले समाधान; देवाने आपल्याला फसविले, असे त्याचे म्हणणे.

त्याला काम मिळाले मुदपाकखान्यात. या कामाचा त्याला उपजतच तिटकारा होता, आणि मला वाटते साऱ्या हकिगतीचे मर्म येथेच आहे. आवडीच्या कामात देव आठवणे फारसे कठीण नाही. लोराँने नावडते काम पंधरा वर्षे केले. तव्यावरचे आम्लेट उलटावयाचे तेही देवाच्या प्रीतीखातर. जमिनीवरची काडी उचलावयाची तीही त्याच प्रीतीखातर. प्रार्थनेची घटका आणि भांड्यांच्या खणखणाटाची घटका यांत आपल्याला काही भेद उरला नाही, असे तो म्हणे. पण ही अवस्था त्याला स्वस्तात मिळाली नव्हती. पहिली सुमारे दहा वर्षे आपले पाप आणि आपली अपात्रता यांच्या विचाराने तो तळमळत होता. कधी मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करावयास त्याला बर्गंडीला पाठवीत. पाय अधू, व्यवहाराची अक्कल बेताची. नावेत तो पिंपांवरून लोळत लोळत पुढे सरके, आणि खरेदी कशी झाली याची चिंता करीत नसे. उतारवयात त्याच्याकडे मठवासीयांच्या वहाणा शिवण्याचे काम आले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला.

बोफोरने त्याची पत्रे व वचने १६९२ मध्ये आणि संभाषणे १६९४ मध्ये प्रसिद्ध केली. दुर्दैवाने तो काळ भलताच होता. आत्म्याने स्वतः काहीही न करता देवापुढे निश्चल पडून राहावे, अशी शिकवण देणाऱ्या मोलिनोसला रोमने १६८७ साली दोषी ठरविले होते. फ्रान्समध्ये त्याच संशयावरून मादाम ग्यूयों हिला कैद झाली आणि तिची बाजू घेणारा फेनेलाँ व प्रकांड पंडित बॉस्युए यांच्यात कडाक्याचा वाद जुंपला. फेनेलाँ लोराँला त्याच्या आजारपणात भेटून आला होता. आपल्या बचावात त्याने लोराँचा दाखला दिला. १६९९ मध्ये पोपने फेनेलाँची तेवीस विधाने निषिद्ध ठरविली आणि या पुस्तकावरही संशयाची छाया पडली. ज्याचा सारा जन्म चुलीपुढे आणि वहाणांच्या ढिगापुढे गेला, त्याचे नाव निष्क्रियतेच्या खटल्यात गोवले जावे, यापरता विपर्यास कोणता!

फ्रान्समध्ये त्याचे नाव मागे पडले. त्याला जपले ते प्रॉटेस्टंटांनी. ज्यांच्या फ्रान्समधील धर्मस्वातंत्र्यावर चौदाव्या लुईने १६८५ साली घाला घातला होता, त्यांच्याच पंथीयांनी. हॉलंडमध्ये राहिलेल्या प्येर प्वारे या पाद्र्याने ही संभाषणे पुन्हा छापली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने १७४९ ते १७५५ या काळात काढलेल्या आपल्या पन्नास खंडी ख्रिस्ती ग्रंथमालेत त्यांतील उतारे घेतले. कोळशाच्या खाणीतले मजूर आणि विणकर यांच्यापुढे प्रवचने करणाऱ्या वेस्लीला मठातील हा आचारी परका वाटला नसावा.

मठावर पुढे वेगळाच प्रसंग गुदरला. २ सप्टेंबर १७९२ रोजी क्रांतिकारकांनी तेथे कोंडलेल्या शंभराहून अधिक धर्मगुरूंची कत्तल केली. आज त्या जागेवर कॅथलिक विद्यापीठ आहे. लोराँच्या लेखनाची चिकित्सक फ्रेंच आवृत्ती कोन्राड द मेस्टर याने १९९१ साली, म्हणजे लोराँच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली तेव्हा, काढली. हा संपादक कार्मेल संप्रदायाचाच होता.