तारापोरवाला मत्स्यालय: काचेपलीकडचं शिक्षण

जबलपूरच्या सराफ्यातून बोलतोय. आमच्याकडे नर्मदा आहे, समुद्र नाही. त्यामुळे मुंबईला गेलं की मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय बघायचंच, असा आमच्या पिढीचा शिरस्ता.

1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. खर्च 8 लाख. पैकी 2 लाख पारशी दानशूर तारापोरवाला यांचे. तेव्हा टाकीतला मासा बघायचा आणि पुढे सरकायचं. 2015 च्या नूतनीकरणात 12 फुटी अ‍ॅक्रिलिक बोगदा आला; मासे डोक्यावरून पोहू लागले. पुढे इमारत जीर्ण झाली, मत्स्यालय बंद पडलं.

नवं उभारताना नुसते चमकते पडदे नकोत. पापलेट घटतंय, म्हणूनच 2023 मध्ये त्याला राज्यमासा केलं. प्रदर्शनात मुलांना जाळं निवडू द्या. बारीक आसाचं घेतलं की पिल्लंही अडकतात आणि पुढच्या हंगामाला समुद्र रिकामा, हे त्यांना स्वतः करून कळू दे. शेजारी आमचा महाशीरही ठेवा; नर्मदेत तोही दुर्मीळ झालाय.

फौजेत आम्ही वाळूवर मैदान मांडून लढाई शिकवायचो. हातानं केलेलं जवान विसरत नाही. मुलंही विसरणार नाहीत.