मार्गारेट हेली आणि शिकागोंतील शिक्षिकांचा करलढा

संस्थांच्या इतिहासांत पुढाऱ्यांचीं भाषणें जपलीं जातात. ज्या नोंदी वाचून त्यांनीं आपला पक्ष सिद्ध केला, त्या मात्र दृष्टीआड होतात. शिकागोच्या प्राथमिक शिक्षिका मार्गारेट हेली (१८६१–१९३९) यांचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे. त्यांचें पुढारीपण वक्तृत्वापेक्षां कागदपत्रांच्या शोधावर उभें होतें, असें आमचें मत आहे.

हेलीबाईंचा जन्म अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत, जोलिएट येथें, आयरिश कुटुंबांत झाला. शिकागोंतील कत्तलखान्यांच्या वस्तींतील हेन्ड्रिक्स शाळेंत त्या अनेक वर्षें सहावीचा वर्ग शिकवीत. १८९७ सालीं तेथील प्राथमिक शिक्षिकांनीं ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ हा संघ स्थापिला. निवृत्तिवेतनाचें रक्षण हा त्याचा आरंभींचा हेतु होता. पुढें शिक्षिकांना वेतनवाढ मिळाली. परंतु तिजोरींत पैसा नाहीं, असें सांगून शाळामंडळानें ती लवकरच मागें घेतली.

अशा प्रसंगीं विनंतीअर्ज करणें हा रूढ मार्ग होय. हेलीबाई व त्यांच्या सहकारी कॅथरिन गॉगिन यांनीं तिजोरी रिकामी कां, हेंच शोधून काढण्याचें ठरविलें. करांच्या नोंदी तपासतां असें दिसून आलें कीं, ट्राम, गॅस, वीज व टेलिफोन यांच्या कंपन्यांना सार्वजनिक रस्ते वापरण्याचे जे बहुमोल हक्क मिळाले होते, त्यांवर कायद्यानें देय असलेला कर आकारलाच जात नव्हता. १९०० सालीं हेलीबाईंनीं वर्ग सोडून संघाचें काम पूर्ण वेळ हातीं घेतलें. संघानें कर आकारणाऱ्या मंडळास न्यायालयांत खेंचलें, आणि १९०१ सालीं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें शिक्षिकांचें म्हणणें मान्य केलें.

तथापि एवढ्यानें काम भागलें नाहीं. संघराज्याच्या न्यायालयानें कराची रक्कम पुष्कळच कमी केली. आणि शाळामंडळाच्या वांट्यास जें द्रव्य आलें, तें वेतनाऐवजीं अन्य खर्चाकडे वळविण्यांत आलें. शिक्षिकांना पुन्हां दावा लावावा लागला. १९०४ सालीं न्यायाधीश एडवर्ड डन यांनीं त्यांच्या बाजूनें निवाडा दिला.

मध्यंतरीं, १९०२ सालीं, संघ शहराच्या कामगार महासंघास जाऊन मिळाला होता. शिक्षिकांनीं मजुरांच्या पंक्तीस बसावें हें अनेकांस रुचलें नाहीं. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: इलिनॉयमधील स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकींत १९१३ पर्यंत मत नव्हतें. आधार शिक्षिकांपाशीं होते, मतें मजुरांपाशीं. ही जोड म्हणजे गरजेचा हिशेब होता.

ती किती आवश्यक होती, हें प्रतिपक्षानेंही ओळखलें. १९१५ सालीं शाळामंडळानें कामगार संघटनांशीं संलग्न अशा संघांचें सभासदत्व शिक्षकांस वर्ज्य केलें. १९१६ सालीं ६८ शिक्षकांची पुनर्नियुक्ति नाकारण्यांत आली. १९१७ सालीं ज्या सर्वोच्च न्यायालयानें पूर्वीं शिक्षिकांस न्याय दिला होता, त्यानेंच मंडळाचा अधिकार उचलून धरला, आणि संघास महासंघ सोडावा लागला. त्याच वर्षीं शिक्षकांच्या नोकरीस कायद्याचें संरक्षण मिळालें, एवढेंच समाधान.

आधारावांचून कांहीं लिहावयाचें नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा आपण संशोधक शिरोधार्य मानतों. हेलीबाईंनीं ती लोककार्यांत पाळली. आधारानें हक्क सिद्ध होतो. तो हातीं राखण्यास लोकबळ लागतें, हें मात्र या इतिहासानें त्यांस, आणि त्यांच्याद्वारें आपणांस, शिकविलें.