मॉर्मन पंथांतील सामान्यांचें वक्तृत्व

ख्रिस्ती प्रवचन म्हटलें कीं, धर्मशास्त्र पढलेला आणि त्याच कामाचें वेतन घेणारा पाद्री डोळ्यांपुढें येतो. मॉर्मन पंथाच्या प्रार्थनागृहांत रविवारीं दिसणारें दृश्य याहून निराळें आहे. भाकरी व पाणी यांचा प्रसाद वाटून झाला कीं, मंडळींपैकींच दोघेतिघे बोलावयास उठतात. त्यांत एखादा सुतार असतो, एखादी शिक्षिका असते, आणि बहुधा आरंभीं बारा-चौदा वर्षांचें एखादें मूल असतें. ज्याच्या देखरेखीखालीं हीं भाषणें ठरतात तो बिशपही बिनपगारी. आपला धंदा सांभाळून तो हें काम करतो. या रविवारचा वक्ता पुढच्या रविवारीं मुकाट्यानें शेजाऱ्याचें ऐकत बसतो.

या प्रथेचें मूळ पंथाच्या जन्मांतच आहे. ६ एप्रिल १८३० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत जोसेफ स्मिथ यानें हा पंथ स्थापिला, तेव्हां त्याच्याजवळ ना पाठशाळा होती, ना पुरोहितवर्ग. शेतकरी आणि कारागीर हेच उपदेशक झाले. काय बोलावें याची आगाऊ चिंता करूं नये, वेळेवर शब्द सुचविले जातील, अशा अर्थाची १८३२ सालची आज्ञा पंथाच्या धर्मग्रंथांत आहे. त्याच सालीं ब्रिघम यंग यानें दीक्षा घेतली. हा सुतारकाम करणारा मनुष्य. शाळेंत आपण अकराच दिवस गेलों, असें तो सांगत असे. आपलें मन कोणीं वळविलें, हेंही त्यानें सांगून ठेविलें आहे. वक्तृत्वाचा गंध नसलेला एक मनुष्य उभा राहिला आणि हें खरें आहे एवढें मला ठाऊक आहे, इतकेंच कसेंबसें बोलला. त्यापुढें पंडितांचीं प्रवचनें यंगला फिकीं वाटलीं. अडखळत्या जिभेला या पंथांत जो मान मिळाला, त्याचें वर्म या प्रसंगांत सांपडतें.

१८४७ सालीं यंगनें अनुयायांना यूटाच्या ओसाड खोऱ्यांत नेलें. तेथें तो हातीं कागद न घेतां मोक्षापासून पाटाच्या पाण्यापर्यंत वाटेल त्या विषयावर बोले. जॉर्ज वॅट नांवाचा इंग्रज तें पिटमनच्या लघुलिपींत टिपून घेई. पुढाऱ्यांच्या अशा भाषणांचे २६ खंड १८५४ पासून १८८६ पर्यंत लिव्हरपूल येथें निघाले. वॅटच्या टिपणांशीं ताडून पाहतां छापील मजकूर मात्र बराच बदललेला आढळतो. उत्स्फूर्त वाणीवर लेखणीचा हात तेव्हांच फिरूं लागला होता. याच सुमारास अशा उपदेशकांपैकीं ह्यू फिंडले हा १८५२ सालीं मुंबईस उतरला व पुढें पुण्यासही गेला. त्याच्या खटपटीला फळ थोडेंच आलें.

नभोवाणी आल्यावर लेखणीचें वर्चस्व अधिकच वाढलें. १९२४ सालीं सॉल्ट लेक सिटींतील परिषद प्रथम नभोवाणीवरून ऐकविली गेली. मिनिटें मोजून बोलणें आलें, आणि हळूहळू लिहिलेलें भाषण वाचण्याची रीत पडली. त्या काळांत गोल्डन किंबॉल हा एकेकाळचा खेचरवाला व्यासपीठावरून सर्रास शिव्या देई, आणि लोक त्याच्यावर लोभ करीत. १९३८ सालीं तो वारला. तसा वक्ता पुन्हां झाला नाहीं.

जुना मोकळेपणा आज राहिला आहे तो मासिक उपवासाच्या सभेंत. हा उपवास पूर्वीं गुरुवारीं असे. १८९६ सालीं तो रविवारीं आला. टाळलेल्या जेवणाचा पैसा गरिबांसाठीं द्यावयाचा, आणि सभेंत ज्याला वाटेल त्यानें उठून आपली साक्ष सांगावयाची. कोणी रडतो, कोणी लांबण लावतो, कोणाचें मूल आईनें कानांत सांगितलेलें वाक्य म्हणून पळतें. शेजाऱ्याचें कंटाळवाणें बोलणें निमूटपणें सोसणें, हाही या उपासनेचा एक भागच म्हणावा लागेल.

परंतु सर्वांना बोलतें करणाऱ्या या पंथांत कोणीं बोलावें हें ठरविण्याचा अधिकार पुरुषांच्याच हातीं राहिला. १८४२ सालीं नॉव्हू येथें स्त्रियांची संस्था निघाली आणि तेथें त्या निर्भयपणें बोलूं लागल्या. असें असूनही रविवारच्या मुख्य सभेंत प्रार्थना केवळ दीक्षाधिकारी पुरुषांनींच म्हणावी, असा नियम १९६७ सालीं झाला. म्हणजे जिनें भाषण करावें, तिलाच प्रार्थना म्हणण्याची बंदी! हा नियम १९७८ सालीं उठला. सर्व जगांतील अनुयायी ऐकतात त्या सर्वसाधारण परिषदेंत मात्र एका स्त्रीनें प्रथम प्रार्थना म्हटली ती ६ एप्रिल २०१३ रोजीं.