यंत्राची झोंप: गाभ्यांत कीं गाभ्याबाहेर?

२००५ च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रांत विजेचें भारनियमन रोजचेंच झालें होतें. भोर तालुक्यांतील उत्रोलीसारख्या गांवीं संगणक बाळगणाऱ्या कुटुंबास साहजिकच एक काळजी असे: वीज गेली व बॅटरीही उतरत चालली, तर अर्धवट राहिलेल्या अर्जाचें किंवा हिशेबाचें काय होणार?

संगणकाची चालू स्मृति विजेवर जगते. वीज गेली कीं ती पुसली जाते. म्हणून एक युक्ति निघाली. यंत्र बंद होण्यापूर्वीं स्मृतीची नक्कल हार्ड डिस्कवर उतरावयाची, आणि वीज आल्यावर ती जशीच्या तशी परत आणावयाची. म्हणजे काम थांबलें तेथूनच पुढें चालतें. लायनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्समध्यें ही युक्ति २००२ सालीं दाखल झाली. गाबोर कुटी यांनीं सुरू केलेलें हें काम चेक संगणकतज्ज्ञ पावेल माखेक यांनीं पुढें नेलें. मात्र तें सारें ‘कर्नल’मध्यें, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यांत होतें. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. गाभा बिघडला तर सारें यंत्र कोसळतें.

इकडे लोकांच्या मागण्या वाढत होत्या. नक्कल दाबून लहान करावी, ती सांकेतिक रूपांत ठेवावी, काम किती झालें तें पडद्यावर दिसावें. ऑस्ट्रेलियाचे नायजेल कनिंगहॅम यांच्या ‘सस्पेंड टू’मध्यें या सोयी होत्या, परंतु ती मोठी भर अधिकृत गाभ्यांत सामावली गेली नाहीं.

माखेक यांनीं २००५ सालीं निराळा मार्ग सुचविला. चालू प्रोग्रॅम गोठविणें, उपकरणें शांत करणें आणि एका क्षणीं स्मृतीची नक्कल घेणें, एवढेंच गाभ्यावांचून होत नाहीं. तेवढेंच त्यानें करावें. दाबणें, कुलूपबंद करणें व लिहिणें हीं कामें बाहेरच्या प्रोग्रॅमनें करावींत. पोलंडचे राफाएल विसोत्स्की यांनीं त्यासाठीं गाभ्याला एक दार करून दिलें, आणि जून २००६ मध्यें निघालेल्या २.६.१७ या आवृत्तींत तें समाविष्ट झालें.

विभागणी तत्त्वतः सुबक होती. अडचण व्यवहारांत होती. नक्कल घेतल्यावरही बाहेरचा प्रोग्रॅम जागाच असतो. त्यानें एखाद्या फाइलींत एक ओळ जरी लिहिली, तरी डिस्क एक सांगते व नक्कल दुसरेंच. जागें झालेलें यंत्र जुन्या नकलेवर विश्वासून फाइलींचा नाश करूं शकतें. म्हणून या प्रोग्रॅमनें केवळ ‘स्वॅप’ नांवाच्या राखीव जागेंतच लिहावें, असें बंधन आलें. शिवाय जागें होतांना नक्कल परत वाचणारा प्रोग्रॅम फाइलींची व्यवस्था उघडण्यापूर्वींच हजर असावा लागे.

त्यामुळें गाभ्यांतील जुनी वाट मोडली गेली नाहीं. उलट २०११ च्या आरंभीं आलेल्या २.६.३७ आवृत्तींत नक्कल दाबण्याचें काम गाभ्यांतच आलें. जें बाहेर न्यावयाचें होतें, त्यांतील कांहीं असें परत फिरलें. बाहेरचें दारही मात्र राहिलें.

गाभा लहान ठेवावा हें तत्त्व यामुळें खोटें ठरत नाहीं. परंतु काम बाहेर नेल्यानें धोका आपोआप बाहेर जात नाहीं, हें या इतिहासानें दाखविलें. वापरणाऱ्याला सीमेची वार्ताही नसते. त्याला झांकलेलें काम उघडल्यावर जागेवर सांपडावें लागतें.