चढावरच्या कार्बोरेटरची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख ही विभागणी लोकांच्या तोंडी पूर्वापार रुळलेली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही रेल्वेवरची गावे खाली आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, अशी येथील रचना असल्यामुळे, साहेबांचा दौरा असो की सरकारी दप्तर, राजूरचा नाहीतर बोथ्याचा घाट चढल्यावाचून कोणाचीच सुटका नव्हती. आणि पेट्रोलची जीप या मुलखात फिरू लागल्यावर, डांबरी सडक सोडून उभ्या चढावर जाताना तिने जीव टाकू नये म्हणून कार्बोरेटर बसविण्याची एक स्वतंत्र विद्या येथील मिस्त्र्यांना अवगत करून घ्यावी लागली. तिचे मूळ शोधू गेल्यास मात्र जर्मनीपर्यंत मागे जावे लागते.

कार्ल बेंझ याने 1886 मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले तेव्हा तिच्यात इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यासह वाफ एंजिनात ओढण्याची साधी योजना होती. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीने गेली; वाटेत तुंबलेली इंधननळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि चढ आला की गाडी ढकलावी लागली. म्हणजे चढ आणि इंधन यांचे वैर मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाइतके जुने आहे, आणि ते मिटविण्याचा पहिला उपाय एका गृहिणीच्या हातून झाला, ही गोष्ट आमच्या गॅरेजांत भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

पुढे 1893 मध्ये विल्हेल्म मायबाख याने जर्मनीत, आणि बांकी व चोंका या जोडीने हंगेरीत, बारीक छिद्रातून म्हणजे जेटमधून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर सिद्ध केला. नळीचा घसा आवळला की हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, त्या उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या पात्रातील पेट्रोल जेटातून वर खेचले जाते, आणि पात्रातील पातळी सदैव एकच राहावी म्हणून त्यात एक पोकळ फ्लोट तरंगत ठेवलेला असतो. पातळी वाढली की तो वर येऊन सुई बसवितो आणि पेट्रोलची वाट बंद होते. योजना इतकी नेटकी की पुढची सुमारे शंभर वर्षे तिच्यावर निघाली. परंतु तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले होते : जमीन सपाट असावी.

पात्राचा मध्य आणि जेटाचे तोंड यांत चार सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. घाटातल्या बांधीव सडकेचा चढ साधारण विसास एक. तेवढ्या चढावर या दोहोंच्या उंचीत दोन मिलिमीटरांचा फरक पडतो, आणि तो कार्बोरेटर निमूट सोसतो. पण तीच जीप नाल्याच्या काठावर किंवा पांदणीच्या तोंडाशी चारास एक अशा चढावर उभी राहिली की फरक एका सेंटिमीटरवर जातो. पात्र पुढच्या अंगाला असेल तर पेट्रोल आपोआप घशात सांडते, एंजिन काळा धूर सोडून गुदमरते. पात्र मागे असेल तर पेट्रोल जेटापर्यंत पोचतच नाही आणि एंजिन एकदा ‘फट्’ करून कार्बोरेटरातूनच उलटे शिंकते. धूर काळा की शिंक कोरडी, एवढ्यावरून जाणता मिस्त्री बॉनेट न उघडता निदान करतो.

अमेरिकेत फोर्डच्या टी मॉडेलला पंपच नव्हता, पेट्रोल टाकीतून आपल्या भाराने उतरे; टाकी अर्धवट असली की लोक चढावर गाडी उलट्या गिअरात, पाठमोरी नेत. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला एंजिनावर चालणारा पंप आणि कार्टर कंपनीचा कार्बोरेटर मिळाला. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी माझगावात याच जातीच्या जीपा जोडण्यास आरंभ केला, 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, आणि जीप ही गटविकास अधिकाऱ्याच्या हुद्द्याची खूणच होऊन बसली.

मिस्त्रीचे काम पाहण्यासारखे असे. वरचे झाकण काढून तो आधी पितळी फ्लोट कानाशी हलवी. आत पेट्रोल खळखळले तर फ्लोट फुटका, मग तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून निघतात ते पाही आणि डाग देई. फ्लोट शाबूत असला तर पकडीने त्याची जीभ केसभर वाकवून पातळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर उतरवी. याहून अधिक उतरविण्याचा मोह वाईट, कारण मग सपाटीवर गाडी ओढत नाही आणि उतारावर, जेथे हिशेब उलटा होतो, तेथे मिसिंग मारते. झाकण लावल्यावर मिक्श्चरचा स्क्रू एंजिन अडखळेपर्यंत आत आणि गुळगुळीत चालेपर्यंत बाहेर. मग जीप धुऱ्यावर नाक वर करून उभी करायची आणि स्लो रेसवर चालू ठेवायची. तेथे टिकली तर काम झाले. जेटात तार घालणाऱ्यास चांगला मिस्त्री कामावर ठेवीत नसे, कारण छिद्र एकदा रुंदावले की कितीही फुंकले तरी पूर्ववत होत नाही.

‘वर हवा विरळ, म्हणून गाडी दमते’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते, आणि ती मला फारशी पटत नाही. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास, बुलढाणा साडेसहाशेच्या. एवढ्या चढणीने हवेची घनता चार टक्क्यांच्या आसपास उतरते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण त्याच्या निम्म्यानेच वाढते. हिमालयात जेट बदलावे लागते. राजूरच्या घाटात नाही. येथील खरे वैरी दोन, जमिनीचा कल आणि वैशाखाचे ऊन. घाटाखालच्या उन्हात तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून मुकाट्याने बिडी पेटवी, अर्थात पेट्रोलपासून दूर जाऊन.

ऐंशीच्या दशकात महिंद्रांच्या जीपांत प्यूजोचे डिझेल एंजिन आले, आणि डिझेलला कार्बोरेटर लागतच नाही. ही विद्या त्यानंतर मोटारसायकलींच्या आश्रयाला गेली. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतही इंजेक्शन आले, आणि कार्बोरेटर उरला तो जुन्या गाड्यांत व त्यांच्या हौशी मालकांच्या हट्टात.