हृदयरोगोपचारातील सामाजिक-आर्थिक विषमता

उत्पन्न, शिक्षण, रोजगाराचे स्वरूप व राहण्याचे ठिकाण यांनुसार हृदयरोगाचे निदान, उपचार व जगण्याची शक्यता यांत पडणारी तफावत. जोखीमघटक श्रीमंत देशांत अधिक, पण मृत्यू गरीब देशांत जास्त, असे १७ देशांच्या ‘प्युअर’ अभ्यासात (२०१४) आढळले.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात कोळसाखाणी व कापूसशेती शेजारी-शेजारी आहेत. खाणीतील कायम कामगाराला कंपनीची वैद्यकीय सवलत असते. कापूस वेचणाऱ्या मजुराला नसते. हृदयविकाराच्या झटक्यात (→ हृद्‌रोहिणी विकार) गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या १२ तासांत, शक्य तितक्या लवकर द्यावे लागते. छातीतली कळ ‘पित्त’ समजून रात्र काढली, सकाळी गाडीभाडे जुळवले, की त्यातले बरेच तास गेलेले असतात. मोठ्या रुग्णालयांचे नागपूर वणीपासून सुमारे १३० किमी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (→ आरोग्य विमा) पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांसह यवतमाळसारख्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेचे शेतकरीही आले. अरुंद झालेली हृद्‌रोहिणी उघडी ठेवणाऱ्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ३० हजार रुपये ठरली. योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे; पुढे आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या, तपासणीच्या खेपा व बुडालेली मजुरी यांचा मोठा भार घरावरच राहतो.