केम्पस्टर : बाईच्या कामाचं आडनाव

आज एका इंग्रजी आडनावाची गोष्ट ऐकू या. केम्पस्टर. इंग्लंडातही हे आडनाव फार थोड्या घरांत सापडतं. त्याचा मूळ अर्थ, लोकर विंचरणारी बाई.

मेंढीची कातरलेली लोकर लोखंडी दातांच्या फणीने विंचरायची, तंतू सरळ करायचे, मग सूत कातायचं. हे विंचरण्याचं काम करणारी ती केम्पस्टर. यातला 'स्टर' हा जुन्या इंग्रजीत बाईसाठीचा प्रत्यय, आपल्याकडे माळ्याची माळीण होते तसा. विणणारी वेबस्टर, पाव भाजणारी बॅक्स्टर, बिअर बनवणारी ब्रूस्टर.

साधारण 700 वर्षांपूर्वी तिकडे कामावरून पडलेली नावं आडनावं म्हणून पक्की होऊ लागली. पुढे 'स्टर' पुरुषांनाही लागला, आडनाव बापाकडून लेकाकडे जाऊ लागलं, आणि त्यामागची कष्टकरी बाई विसरली गेली.

सूत कातणारी म्हणजे 'स्पिन्स्टर'. 17व्या शतकापासून सरकारी कागदांत या शब्दाचा अर्थ झाला बिनलग्नाची बाई. तिचं काम पुसलं, फक्त लग्न झालं की नाही एवढंच उरलं. इंग्लंडच्या विवाहनोंदीतून हा शब्द 2005 साली गेला.

आपण शेळ्या पाळतो, शिवण करतो, शेतात राबतो. तरी फॉर्मवर व्यवसाय विचारला की 'घरकाम' लिहितो. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिचं खरं काम लिहा. लिहिलेलं काम सहजी पुसता येत नाही.